कारणाचा रकाना

टॉवेल आधी नाकाला लावायचा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मागाचं तेल डोळ्याला दिसायच्या आधी
नाकाला कळतं.

मग खिडकीत उभा धरायचा, ऊन आरपार येऊ द्यायचं.
मग ओलं पांढरं फडकं घेऊन
लाल किनारीवर दहादा घासायचं.
फडकं गुलाबी झालं तर अख्खा गठ्ठा खाली.
मग काटा. चारशे ग्रॅमला पंधरा ग्रॅमची माफी.
त्याच्यावर माफी माझ्या हातात नाही.

घडी, पिशवी, चिकटपट्टी,
पट्टीवर नाव: कोट्टायम, गुवाहाटी, कुठलं तरी भिलाई.
जी तोंडं पुसायला हा जाणार
ती मला कधी दिसत नाहीत.
त्यांना आवडला नाही तर मात्र फोटो येतो, मोठ्ठा करून,
आणि परत येण्याचं भाडं
फिरत फिरत कुणाच्या पगारात उतरतं
ते अक्कलकोट रोडवर शेंबडं पोरही सांगेल.

सासू विड्या वळायची.
कारखान्यातला चेकर मूठभर उचलायचा,
न बघता मोडायचा, म्हणायचा छाट.
ती घरी येऊन तेलुगूत त्याच्या सात पिढ्या काढायची,
आणि मग भात वाढायची.
आता त्या खुर्चीत मी.
न बघता मोडत नाही, एवढंच.

सोमवारपासून सात नंबरचा माल चुकायला लागला.
किनारीपासून चार बोटांवर ताण्याचा एक धागा नाही,
पार खालपर्यंत बारीक वाट पडलेली,
मुंगी चालावी एवढी.
सात नंबरवर आशण्णा चिप्पा.
चाळीस वर्षं मागावर. मी मनात म्हटलं, मोतीबिंदू.
फॉर्मवर चार चौकोन असतात:
डाग, गाठ, तुटका धागा, माप.
तिसऱ्यावर खूण केली, नऊ वेळा.
नवव्या वेळी चिठ्ठीवरची वेळ वाचली.
दुपारचे सगळे स्वच्छ होते.
सहानंतरचे, सगळेच्या सगळे, नऊ.

खाली गेले. खटखटीत बोलता येत नाही,
टॉवेल नुसता पुढे केला.
त्यानं न बघता अंगठा फिरवला आणि थांबवला. इथं.
बरोब्बर तिथंच.

"कळतंय तर सोडायलाय कशाला?" मी कानात ओरडले.
"हात फिरवायला माग थांबवावा लागतो की गं.
थांबला तर मीटर कोण घालणार, तू?"
आणि हनुवटीनं वर दाखवलं.
ट्यूब. दोन्ही टोकं काळी,
मध्येच डोळा मारल्यासारखी.
"दिवाळीपासनं सांगायलोय. आणतो म्हणाले."

वर आले. चारही चौकोनांत ट्यूब बसत नव्हती.
तिसऱ्यावरची खूण खोडली,
समासात आडवं लिहिलं: ट्यूब.
कॉम्प्युटरवरची भाग्यरेखा म्हणाली,
"अक्का, याला कोड कुठला?"
म्हटलं, कोड नाही. आहे तसं टाक.
ती म्हणाली, घेत नाही.
म्हटलं, मग चिठ्ठीच ने येमूल सायबांकडे, हातानं.

गुरुवारी ट्यूब लागली.
बिल मी पाहिलं. किरकोळ खर्च, असं लिहिलं होतं.
आशण्णा काही बोलला नाही,
मीही मोतीबिंदूचं कुणाला सांगितलं नव्हतं.

ते नऊ टॉवेल वजनावर गेले, मंगळवार बाजारात.
त्यातला एक परवा दिसला,
रसाच्या गाड्यावर ऊस घालणाऱ्या पोराच्या खांद्यावर.
चार बोटांवरची ती वाट मी रस्त्यापलीकडून ओळखली.
हात शिवशिवला, फॉर्म नव्हता जवळ.
पोरानं टॉवेल ओढला, कपाळ पुसलं, मान पुसली,
परत खांद्यावर टाकला.
पुसला गेला होता घाम. चांगला पुसला गेला होता.